बशी साफ

बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, विसरलेली बॅटरी न्यायला मी घरी परत आलो, तर स्वयंपाकघरात एक बोका जेवत होता. आमचं मांजर करडं-पांढरं, लांब केसांचं, आणि मादी. हा पिवळा, आखूड केसांचा, डाव्या कानाचा शेंडा गेलेला, अंगापिंडाने चांगला भरलेला. म्हणजे ओळखण्यात चूक व्हायला काही जागाच नव्हती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हा माणूस कोण असावा याचा थोडा अंदाज घेतला, आणि आमच्या मांजराच्या खाण्याचे बशीतले उरलेले दाणे खाऊन टाकले. मग बशी चाटली. आधी मधोमध, मग कडेकडेने गोल, मग परत मधोमध. ते सावकाश उरकल्यावर त्याने ओट्यावर उडी मारली आणि खिडकीच्या वीतभर फटीतून अंग चोरून तो बाहेर गेला. एवढा जाडजूड, पण कुठे अडला नाही. पायाखालचा रस्ता असावा तसा गेला. पळाला असता तर मला एवढा राग आला नसता. चोर निदान पळतो तरी.

आमचं मांजर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं बघत होतं. फिस्कारणं नाही, शेपूट फुगवणं नाही. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. म्हणजे बहीण म्हणायची, आणि मी नाव घ्यायची वेळच येणार नाही अशा बेताने राहायचो. बोका गेल्यावर बाईसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी बशी उचलली. बशी साफ होती. चार महिने रोज संध्याकाळी घरी आलो की मी ही साफ बशी बघत होतो, आणि रोज साडेसातला बहिणीचा फोन आला की तिला सांगत होतो, “बशी साफ.”

मी पाण्याच्या मीटरांचं रीडिंग घेतो. एकतीस वर्षं झाली. रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण उचलायचं, झुरळं बाजूला व्हायची वाट बघायची, फडक्याने काच पुसायची, बॅटरीचा उजेड पाडून आकडा वाचायचा आणि लिहायचा. एवढंच काम, पण एकतीस वर्षं केलं की आकड्यामागचं घर दिसायला लागतं. वापर निम्म्यावर आला म्हणजे मुलगा शिकायला बाहेर गेला. एकदम दुप्पट झाला म्हणजे पाळणा हलला. तिसऱ्या गल्लीतल्या एका बाईंना मी नुसत्या आकड्यावरून विचारलं होतं, “सासूबाई परत आल्या वाटतं?” तेव्हापासून त्या मला ज्योतिषी म्हणतात. आमच्या खात्यात माणसांना किंमत नसते, वापराला असते. वापर चालू म्हणजे घर चालू. ऑफिसात नव्याने आलेल्यांना मी हे शिकवतो. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्टही शिकवतो. मीटरमध्ये एक बारकी लाल चांदणी असते. घरातले सगळे नळ बंद असतानाही ती फिरत असली, तर घरातलं कोणी पाणी पीत नाहीये, कुठेतरी गळतंय. वापर झाला म्हणजे घरातल्या माणसाने केला असं धरून चालायचं नाही. हे मी निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. आणि चार महिने एक साफ बशी बघून मी धरून चाललो होतो.

बॅटरी हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. हिशेब सरळ होता. मी सकाळी आठला बशी भरून निघतो, संध्याकाळी सहाला येतो. बोका मधल्या वेळात येतो. म्हणजे हिच्या पोटात काय जातं? आणि लगेच पुढचा विचार आला, की ही खात नाही, कारण बहीण गेली. आणि त्याच्या पाठोपाठ जे झालं ते सांगायला मला जड जातं, पण सांगतो. मला बरं वाटलं. छातीत कुठेतरी घट्ट बसलेली तोटी फिरावी तसं झालं. कारण जाताना बहीण एक गोष्ट ठरवून गेली होती, आणि तिचा शब्द मला पाठ होता.

बहिणीचं लग्न चार महिन्यांपूर्वी झालं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. ती शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची, परीक्षानळ्या धुवायची, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. चष्मा फुटला म्हणून एका दुकानात गेली, आणि तिथे डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या गृहस्थांनी तिला तीन वेळा परत बोलावलं. काच नीट बसली नाही म्हणून. तिसऱ्या वेळी काच नीट बसलेली होती, हे दोघांनाही माहीत होतं. हे मला तिने एका रविवारी, मी दाढी करत असताना सांगितलं. विधुर आहेत, त्रेपन्न वर्षांचे आहेत, मुलंबाळं नाहीत, दुकान विकून आपल्या मूळ गावी परत जाणार आहेत, बसने अडीच तास. स्वभाव शांत आहे. दम्याचा त्रास आहे. आरशात माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. काहीतरी बोलायला हवं होतं. आईवडील गेल्यापासून बावीस वर्षं आम्ही दोघं त्या दोन खोल्यांत राहिलो होतो, मी लग्न केलं नव्हतं, तिचं झालं नव्हतं, आणि हे असंच चालायचं असं कोणी न ठरवताच ठरून गेलं होतं. मी म्हणालो, “चांगलं आहे.” मग थोड्या वेळाने विचारलं, “तिकडे पाणी चोवीस तास असतं का?” ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी गाल पुसला आणि उरलेला अर्धा तसाच सोडून चहा ठेवला.

दम्यामुळे मांजर नेता येणार नव्हतं. बहिणीला लग्नापेक्षा त्याचाच घोर जास्त होता. जायच्या आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात उभं करून सगळं दाखवलं. दाण्यांचं पाकीट कुठे, बशी कुठली, पाणी कधी बदलायचं, खिडकी वीतभर उघडी ठेवायची कारण बाईसाहेबांना कोंडलेलं चालत नाही. आणि मग म्हणाली, “दादा, एक कबूल कर. ती खायची थांबली तर मला सांगायचं. लपवायचं नाही.”

“सांगेन. मग तू काय करशील?”

“येईन.”

“येशील म्हणजे?”

“येईन म्हणजे येईन. इथे राहीन, ती सावरेपर्यंत. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय.”

मांजरं आठ-दहा दिवसांत नाही सावरत. मी तेव्हाच मनात गणित मांडलं होतं, हे मला बुधवारी उंबऱ्यात उभं असताना कळलं. चार महिने मी जी साफ बशी अभिमानाने तिला कळवत होतो, ती एका परीने तिच्या अंगावर फेकल्यासारखी कळवत होतो. बघ, तुझ्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही. मांजर खातं, मी खातो, घर चालू आहे. आणि आता मांजर खात नाही असं कळल्यावर तोच मी खुशीत आलो होतो.

मी कामावर गेलो नाही. आमच्या धंद्यात शंका आली की आधी सगळे नळ बंद करून बघायचं असतं. मी खिडकी लावून घेतली. बशीत मोजून चाळीस दाणे टाकले, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसलो. म्हणजे पेपर धरून बसलो. दुपारी दोनला बघितलं, चाळीस. पाचला बघितलं, अडतीस. दोन दाणे स्टुलाखाली सापडले. ओले होते, तोंडात घेऊन टाकलेले. अन्नावरची वासना उडाली की माणूस असंच करतो, घास तोंडात घेतो आणि गिळवत नाही, असं मला वाटलं. मला काय काय वाटलं त्याची यादी केली तर मोठी होईल. सगळं माझ्या सोयीचं होतं.

मग मी तिला उचललं. पहिल्यांदाच. नऊ वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण आमचं नातं जरा अहो-जाहोचं. ती बहिणीच्या मांडीवर, मी माझ्या खुर्चीत, मध्ये रेडिओ. तिच्या केसांत हात घातला, आणि हात आत जात राहिला. केस होते तेवढेच होते, आत मांजर कमी होतं. पाठीचे मणके एकेक करून बोटांना लागले. फासळ्यांखाली एक बारीक थरथर चालू होती, ती गुरगुरण्याची की भीतीची ते मला कळेना, कारण ते ओळखण्याइतका मी तिच्या जवळ कधी गेलोच नव्हतो. तिच्या तोंडाला घाण वास येत होता. तोसुद्धा मी उपाशीपणाच्या खात्यावर मांडला. बरं वाटणं तेवढ्यापुरतं थांबलं. ही मरेल, असं सरळ मनात आलं. चार महिने मी रोज हिच्याजवळून जात होतो, आणि बशीकडे बघत होतो.

सहाच्या सुमारास खाली दूध आणायला गेलो तेव्हा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई भेटल्या. त्यांना मी बोक्याचं वर्णन सांगितलं.

“पिवळा ना? कान तुटका? अहो, तो आमचा जावई.”

“तुमचा आहे?”

“सगळ्यांचाच. येतो, पाहुणचार घेतो, जातो. कुणाचं देणं नाही, घेणं नाही. सकाळी माझ्याकडे दूध, मग समोरच्या आजोबांकडे, मग तुमच्याकडे. कुठे काही खात नाही बिचारा, नुसतं तोंड लावतो.”

“माझ्याकडे बशी चाटून पुसून जातो.”

“हो का? मग तुमच्याकडचं आवडत असेल.” त्यांनी दोऱ्याचं रीळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “रोज साडेनऊला जातो तुमच्या खिडकीतून. माझं मशीन खिडकीशीच आहे ना, दिसतं मला. बहीण गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून असेल. मला वाटलं, एकटे पडलात म्हणून तुम्हीच पाळलात.”

“मला सांगायचं नाही का तुम्ही?”

“अहो, तुमच्या घरात कोण येतं-जातं ते मी तुम्हाला सांगायचं?”

मी तसाच खाली उतरलो. दूध घेऊन वर आलो. ते वाटीत ओतून बाईसाहेबांपुढे ठेवलं तर त्यांनी मान एका बाजूला कलती करून, कडेकडेने, जिभेच्या टोकाने थोडं घेतलं. मी जमिनीवर बसून बघत राहिलो आणि मला आमचीच एक वाटी, खरं म्हणजे एक पितळी पेला आठवला. बहीण चार-पाच वर्षांची असताना तिला दुधाचा वास सहन व्हायचा नाही. आई पेला भरून तिच्या हातात द्यायची आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची. आईची पावलं जिन्यात वाजली की बहीण पेला माझ्याकडे सरकवायची, मी एका दमात पिऊन तिला परत द्यायचो, आणि ती वरच्या ओठाला बोटाने थोडा फेस लावून घ्यायची. आई येऊन पेल्यात बघायची, खूश व्हायची. दीड वर्ष हे चाललं. मी अंगाने भरलो, ती काडीसारखी राहिली, आणि आई शेजारणींना सांगायची, पोरगी पेला पेला दूध पिते पण अंगी लागत नाही, चणच बारीक. तेव्हा त्या घरातला जावई मीच होतो. आईला मी हे कधी सांगितलं नाही. बहिणीनेही नाही. त्या दीड वर्षात आमचं जे काही जमलं ते पुढे पंचेचाळीस वर्षं पुरलं, असं मला कधी कधी वाटतं.

साडेसातला फोन वाजला. तिच्या मागे नेहमीचे आवाज होते. पंखा, भांडी, एक खोकला. नव्या घराचे आवाज मला आता ओळखू यायला लागले होते, आणि ते ओळखू येतात याचाही मला राग येत असे.

“बशी साफ?” तिने विचारलं. माझाच शब्द, आता ती वापरायला लागली होती.

“साफ,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं. बशी मीच घासून ओट्यावर पालथी घातली होती. पण शब्द दिला होता, आणि तो मी पहिल्याच संधीला मोडला. का मोडला ते मला तेव्हा नीट कळलं नाही. ती म्हणाली, यांनी आज खिडक्यांना जाळ्या बसवल्या, डास फार आहेत. म्हणाली, संध्याकाळी आम्ही तळ्यापर्यंत चालून येतो. तिचा आवाज भरलेला होता, पोट भरलेल्या माणसाचा असतो तसा. “मांजर खात नाही” हे तीन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. ते बोललो असतो तर उद्या दुपारच्या बसने ती आली असती. पिशवी घेऊन जिना चढली असती, आल्या आल्या खिडकी बघितली असती, मला चार शब्द ऐकवले असते, आणि चहा ठेवला असता. मला हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं की मी घाबरलो. मांजराच्या जिवावर मी बहीण परत आणायला निघालो होतो. आणि न सांगून मी काय करत होतो? मांजराच्या जिवावर चांगला माणूस व्हायला निघालो होतो. दोन्हीकडून मांजरच मरत होतं. तिने फोन ठेवल्यावर मी जनावरांच्या दवाखान्याची वेळ बघितली. सकाळी नऊ.

गुरुवारी सकाळी वेताची टोपली काढली. टोपलीच्या झाकणाला आतून बहिणीच्या अक्षरातलं एक कार्ड खोचलेलं होतं, इंजेक्शनांच्या तारखा आणि वजनं. शेवटचं वजन मागच्या वर्षीचं, तीन किलो सहाशे. दवाखान्यातल्या काट्यावर दोन किलो शंभर भरलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्यांनी कार्ड बघितलं, काटा बघितला आणि मला बघितलं.

“किती दिवस खात नाहीये?”

एकतीस वर्षांत मला आकडा विचारला आणि मी दिला नाही, असं झालेलं नव्हतं.

“अंदाजे तरी?”

“घरातलं माणूस गेलंय,” मी म्हणालो. “म्हणजे गेलं असं नाही, लग्न होऊन गेलं. माझी बहीण. हे मांजर तिचं. मनाला लावून घेतलंय हिने.”

डॉक्टरीणबाईंनी एका हाताने बाईसाहेबांची मान धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ओठ वर केला. “इकडे या. हे बघा मनाला लावून घेतलेलं.”

मागच्या बाजूला, वर, एक दाढ होती. तपकिरी पडलेली, हिरडी लाल होऊन मागे हटलेली, मूळ उघडं. तिच्या शेजारचीही तशीच, जरा कमी. त्यांनी चिमट्याचं टोक नुसतं जवळ नेलं, आणि बाईसाहेबांनी चारही पायांनी टेबल सोडलं.

“हे असं तोंड घेऊन कोरडं कोण खाईल? नुसती जीभ लावून लावून जगलीय ही. सहा-आठ महिने तरी झाले असणार याला.”

“चार,” मी म्हणालो.

“काय चार?”

“चार महिने झाले. बहीण जाऊन.”

“काका, दाताला तुमची बहीण माहीत नाही.”

रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक होती. दोन्ही दाढा काढायच्या, दुपारी चारला न्यायला यायचं, महिनाभर मऊ खाणं. वयाच्या मानाने धट्टी आहे, वाचेल, असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या कुत्र्याला हाक मारली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. बाहेर बाकावर बसल्यावर पाय हलके झाले. पण त्या आनंदाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, हातातली वस्तू कोणी काढून घेतल्यासारखं. सहा-आठ महिने. म्हणजे बहीण घरात असतानाच दाढ किडत होती. तिच्या जाण्याचा मांजराशी काही संबंध नव्हता. आता मी फोनवर काय सांगणार होतो? दाढ काढली, मांजर बरं आहे. यात येण्यासारखं काय होतं?

आणि तिथे बसल्या बसल्या मला एक आवाज आठवला. लग्नाआधीचे दोन-तीन महिने, रोज सकाळी मी दाढी करत असताना स्वयंपाकघरातून काट्याचमच्याचा आवाज यायचा. वाटीत काहीतरी चेचल्याचा, टक टक टक, मग भांड्यातून गरम पाणी ओतल्याचा, परत टक टक. मला वाटायचं, ती स्वतःसाठी काहीतरी करतेय. मी कधी विचारलं नाही. ती पाकिटातले दाणे कोमट पाण्यात भिजवून चेचत होती. मला मात्र सगळं दाखवताना तिने पाकीट दाखवलं, बशी दाखवली, खिडकी दाखवली, आणि ते एवढं सांगायचं राहून गेलं. लपवलं नव्हतं. हाताला वळण पडलेल्या गोष्टी माणूस सांगत नाही, त्या त्याला स्वतःलाच दिसत नाहीत. मी पाकिटावर छापलं होतं तसं दिलं. कोरडं. मग मांजराने काय करायचं? त्याने बशी एका बोक्याच्या हवाली केली आणि स्टुलावर बसून राहिलं. मला त्या मांजराची दया आली तशीच, का कोण जाणे, आमची तिघांचीही आली. इतकी वर्षं एकमेकांच्या आवाजांत राहून कुणी कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता.

संध्याकाळी तिला घरी आणली. गुंगी पुरती उतरली नव्हती, चालताना मागचा एक पाय भलतीकडे पडायचा. मी दाणे गरम पाण्यात भिजवले आणि काट्याने चेचले. पहिल्यांदा फार पातळ झालं, टाकून दिलं. दुसऱ्यांदा जमलं. बशी तिच्यापुढे ठेवून मी तिथेच फरशीवर मांडी घातली. तिने वास घेतला, मागे झाली, परत वास घेतला. मग जीभ लावली. तीनदा चाटून थांबली, जणू आता दुखेल याची वाट बघत होती. दुखलं नाही. तेव्हा तिने तोंड घातलं आणि डोळे मिटून, गळ्यातून कसलासा बारीक आवाज काढत ती खायला लागली. मी बशीकडे बघितलं नाही. तिच्या मानेकडे बघत होतो, गिळताना तिथले केस कसे हलतात त्याकडे. पोट भरल्यावर ती बशीपासून उठली आणि मांडीला घासून पुढे गेली. माझ्या मांडीवर बसली वगैरे नाही. खिडकीबाहेर जावई येऊन काचेला नाक लावून बसला होता. त्याला अजून बरीच घरं होती, त्यामुळे मी उठलो नाही.

साडेसातला फोन वाजला.

“बशी साफ?”

“नाही,” मी म्हणालो. “अर्धी उरलीय.”

मग मी सगळं सांगितलं. बोका, चाळीस दाणे, अडतीस दाणे, दोन किलो शंभर, दोन दाढा. काल खरं सांगितलं नाही, तेही सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती हळू आवाजात म्हणाली, “मी भिजवून द्यायचे रे. तुला सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“कोरडं टाकायला लागली होती, म्हणून मी भिजवायला लागले. का टाकते, हे बघितलंच नाही. लग्नाच्या गडबडीत. नऊ वर्षं मांडीवर घेतलं, एकदा तोंड उघडून बघितलं नाही.”

“मीही चार महिने नाही बघितलं. चुकीचं खापर निम्मं निम्मं वाटून घेऊ.”

ती किंचित हसली. मग म्हणाली, “येऊ का मी? उद्याची बस आहे दुपारची.”

हाच प्रश्न मी बुधवार सकाळपासून तोंडात धरून बसलो होतो, फक्त तो तिच्याकडून येईल असं मांडलं नव्हतं. नुसतं “ये” म्हटलं असतं तरी चाललं असतं. मांजर अशक्त होतंच, ते काही खोटं नव्हतं. बाईसाहेब स्टुलावर चढायचा प्रयत्न करत होत्या. पहिल्यांदा घसरल्या, दुसऱ्यांदा चढल्या.

“नको,” मी म्हणालो. “मांजरासाठी यायची गरज नाही. डॉक्टरीण म्हणाली, महिन्याभरात अंग धरेल. भिजवून द्यायला मला जमतं आता.”

“नक्की?”

“नक्की. आज मी बघितलं, खाताना.”

“मग बरं झालं बाई. जीव टांगणीला लागला होता सांगायला लागलास तेव्हा.” तिचा आवाज सैल झाला, आता फोन ठेवतानाचा झाला. “ठेवू मग? गॅसवर भाजी आहे.”

“ठेव,” असं मी म्हणणारच होतो. चार महिने तेच म्हणत होतो.

“मांजराचं झालं,” मी म्हणालो. “मला करमत नाही.”

बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ओळखीचा वाटला नाही. छप्पन्न वर्षांच्या माणसाने असं एकाएकी, भाजी गॅसवर असताना सांगावं का, असं वाटलं. मी मनात तिच्यासाठी उत्तरं तयार करायला लागलो, की रेडिओ लावत जा, रविवारी जेवायला येत जा, सवय होते हळूहळू.

“थांब,” ती म्हणाली. “गॅस बंद करून येते.”

फोन कसल्याशा लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. बटण फिरलं. चष्मेवाल्यांनी काहीतरी विचारलं, आणि ती त्यांना म्हणाली, “दादा आहे. तुम्ही जेवून घ्या, मला वेळ लागेल.” मग पावलं जवळ आली, एक खुर्ची फरशीवरून ओढली गेली, आणि ती बसल्याचं मला ऐकू आलं.

“हं,” ती म्हणाली. “बोल.”